जातं थांबलं, ओव्या तरी जपा!

तुमच्या घरातलं दगडी जातं आज कुठं आहे? परसात पडलंय, नाहीतर लग्नाच्या हळदीपुरतं बाहेर निघतंय. गावात पिठाची गिरणी आली, बायाबापड्यांचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. पण त्या कष्टासोबतची गाणीही थांबली.

पहाटे दोघीजणी जात्याला बसत. एकीनं ओवी म्हणायची, दुसरीनं ती उचलायची. माहेर, भाऊ, पंढरीची वारी, सीतेचा वनवास, सासरचा जाच. दिवसा कुणापुढं बोलता येत नसे, ते जात्यापाशी निघे. या गाण्यांना ना कवीचं नाव, ना बाजारातली कॅसेट.

त्यांचं मोल ओळखलं ते पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी. पिंपरी-चिंचवडच्या शेजारच्या मुळशी तालुक्यातील डोंगरी गावांत ते काम करीत. १९८० च्या दशकात त्यांनी ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. पुढे राज्यातील हजारावर गावांतून लाखावर ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रणही झाले. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६ साली टेपवर उतरला, म्हणूनच तो आज ऐकायला मिळतो. पॉइटवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने हा ठेवा सर्वांसाठी खुला केला. मुळशीतल्या नांदगावच्या कुसुम सोनवणे यांच्या ओव्याही त्यात आहेत.

आता आपल्या पट्ट्याकडं बघा. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे चाकणला औद्योगिक वसाहत झाली. महाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या रानात कारखाने उभे राहिले. जमीन गेली त्याची फेरफार नोंद आहे. पण त्या रानातल्या बायांच्या गाण्याची नोंद कुठल्या दप्तरात आहे?

तेव्हा एवढं करा. घरातल्या आजीला, चुलतीला निवांत बसवा आणि मोबाईलवर ओव्या भरून घ्या. सुरुवातीलाच तिचं नाव, माहेर, सासर आणि तारीख बोलून घ्या. तिची परवानगी विचारा. शब्द सुधारायला जाऊ नका, जशी म्हणेल तशी घ्या. मध्येच कोंबडा आरवला तरी बिघडत नाही. जुन्या कॅसेट असतील तर उन्हात, ओलीत ठेवू नका. कडेचे प्लास्टिकचे दात तोडा, म्हणजे त्यावर चुकून दुसरं काही भरलं जाणार नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी महिला ग्रामसभेत हा विषय घ्यावा. गावातल्या शाळेतली पोरं वहीत ओव्या उतरवतील, एक प्रत ग्रामपंचायतीत राहील. खर्च फारसा नाही, वेळ मात्र थोडा आहे. गाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना पुढच्या वर्षीचा वायदा देता येत नाही.