‘कयास’ आणि ‘इल्लत’

सेनगावचा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील न्यायालयांची भाषा उर्दू. तरीही तेथील मराठीत, अन्यत्र असतो तसाच, ‘कयास’ म्हणजे अंदाज व ‘इल्लत’ म्हणजे ब्याद. इस्लामी विधिमीमांसेचे ग्रंथ या अर्थांनी वाचणाऱ्याची फसगत अटळ आहे. तेथे कयास ही काटेकोर अनुमानपद्धती होय. कुराणाने ‘खम्र’, म्हणजे रूढार्थाने द्राक्षमद्य, निषिद्ध मानले. मग अन्य पेयांचे काय? निषेधाची इल्लत, अर्थात कारण, रंग वा द्रवत्व नसून मादकता होय असे सिद्ध झाले, की निर्णय नव्या मादक पेयासही लागू पडतो. सारी कसोटी इल्लत निश्चित करण्यातच. शाफिईने (मृत्यू ८२०) कयासास नियमांनी बांधले. इब्न हज्मने (मृत्यू १०६४) मात्र तो सर्वस्वी नाकारला. ईश्वराने न सांगितलेले कारण मनुष्याने ठरवावे, हेच त्यास अमान्य होते.