जुन्या संगणकाला नवे ग्राफिक्स कार्ड : खरेदीपूर्वी काय तपासाल?

घरात दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक अजून धडधाकट असतो. पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, चित्रपट पाहणे ही कामे तो विनातक्रार करतो. मात्र मुलाने एखादा नवा गेम त्यावर चढवला की पडद्यावरील चित्र अडखळू लागते. मग घरात चर्चा सुरू होते, 'नवा संगणक घ्यायचा की ग्राफिक्स कार्ड टाकून भागेल?' कार्ड टाकून बऱ्याचदा भागते. परंतु कार्ड आधी घेऊन बाकीचा विचार नंतर केला, तर पैसे वाया जाण्याचा आणि प्रसंगी मदरबोर्डसह सारा संगणकच निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून कार्डाची निवड ही या कामातील शेवटची पायरी समजावी.

उदाहरणादाखल २०१३-१४ च्या सुमाराचा एक संगणक घेऊ. त्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह ४५७० प्रोसेसर, एच-८१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि आठ गिगाबाइट डीडीआर-थ्री मेमरी आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. चित्र रेखाटण्याचे काम प्रोसेसरमध्येच असलेला ग्राफिक्सचा भाग करतो.

कार्डामुळे नेमके काय बदलते?

फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. चित्र सलग भासावे यासाठी सेकंदाला ६० चित्रे काढायची, तर दर सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. यासाठी मेमरीतून सतत माहिती आणावी लागते. आपल्या संगणकातील डीडीआर-थ्री मेमरीच्या दोन पट्ट्या मिळून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट माहिती पुरवू शकतात, आणि तीही प्रोसेसरसोबत वाटून घ्यावी लागते. एकच पट्टी असेल तर हा वेग निम्म्यावर येतो. याउलट जीटीएक्स १६५० सारख्या साध्या कार्डावरील स्वतंत्र मेमरी सेकंदाला १२८ गिगाबाइटपर्यंत माहिती देते. कार्ड बसवताच जाणवणारा फरक मुख्यत्वे या दोन गोष्टींमुळे पडतो : चित्र काढणारी स्वतंत्र यंत्रणा आणि तिची स्वतःची वेगवान मेमरी.

आधी निदान करा

गेम अडखळतो म्हणजे दोष ग्राफिक्सचाच, असे नाही. याची एक बिनखर्ची चाचणी आहे. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्युशन १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणावे. ठिपक्यांची संख्या त्यामुळे निम्म्याहून कमी होते. गेम लक्षणीय वेगाने चालू लागला, तर अडचण ग्राफिक्सची आहे आणि कार्डाचा उपयोग होईल. वेगात फारसा फरक पडला नाही, तर प्रोसेसर किंवा मेमरी अपुरी पडत आहे. अशा वेळी कितीही महाग कार्ड बसवले तरी ते प्रोसेसरची वाट पाहत राहील. काही संगणकांत मेमरीची दुसरी पट्टी टाकणे किंवा गेम हार्ड डिस्कऐवजी एसएसडीवर ठेवणे एवढ्यानेही खेळ सुसह्य होतो.

विजेचा हिशेब

ज्या भागाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, तो म्हणजे एसएमपीएस, अर्थात संगणकाला वीज पुरवणारी पेटी. अनेक जुन्या कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त पेट्यांवर ठळक अक्षरांत '४५० वॅट' लिहिलेले असते. त्या आकड्यावर विसंबू नये. पेटीच्या बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर दिले आहेत, ते पाहावे आणि त्याला १२ ने गुणावे. तेथे १६ अँपिअर असतील तर उपयोगी शक्ती १९२ वॅटच भरते. आपल्या प्रोसेसरची औष्णिक मर्यादा ८४ वॅट आणि साध्या कार्डाची गरज ७५ वॅट धरली, तरी १५९ वॅट झाले. त्यात मदरबोर्ड, डिस्क आणि पंखे मिळवले की पेटीत फारसे काही शिल्लक राहत नाही. निकृष्ट पेटी ताण पडून बिघडली, तर आपल्यासोबत मदरबोर्ड आणि डिस्कही नेऊ शकते, आणि डिस्कवरची छायाचित्रे पैसे टाकून परत मिळत नाहीत. त्यामुळे गरज वाटल्यास चांगल्या कंपनीची नवी पेटी हा खर्च आधी धरावा.

मदरबोर्डवरील लांब पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. याहून अधिक शक्ती लागणाऱ्या कार्डांना पेटीतून स्वतंत्र जोडणी द्यावी लागते. सहा टोकांची जोडणी ७५ वॅट, तर आठ टोकांची १५० वॅट पुरवते. जुन्या संगणकासाठी अशी जोडणी न लागणारे कार्ड निवडणे हेच श्रेयस्कर. यूपीएसचाही विचार करावा. ६०० व्हीएचे अनेक यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटचाच भार पेलतात.

स्लॉट आणि त्याच्या मार्गिका

पीसीआय एक्स्प्रेसच्या आवृत्त्या परस्परांशी जुळतात. नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये सहसा चालते, पण वेग जुन्याचाच मिळतो. या स्लॉटमध्ये माहिती मार्गिकांमधून, म्हणजेच लेनमधून धावते. दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक मार्गिकेतून सेकंदाला अर्धा गिगाबाइट, तर तिसऱ्या आवृत्तीत सुमारे एक गिगाबाइट माहिती जाते. एच-८१ मदरबोर्डवरील स्लॉट दुसऱ्या आवृत्तीचा आहे, ही बाब अनेकांना ठाऊक नसते.

एएमडीचे २०२२ मधील आरएक्स ६४०० कार्ड केवळ ५३ वॅट घेते, म्हणून जुन्या संगणकासाठी ते आदर्श वाटते. पण ते चारच मार्गिका वापरते. एच-८१ वर त्याला सेकंदाला दोन गिगाबाइटच मिळतील. कार्डावरील चार गिगाबाइट मेमरी भरली की उरलेली माहिती याच अरुंद वाटेने ये-जा करते आणि खेळ अडखळतो. २०१९ मधील जीटीएक्स १६५० सोळाही मार्गिका वापरते, त्यामुळे त्याला याच मदरबोर्डवर आठ गिगाबाइटचा रस्ता मोकळा असतो. स्लॉट तिसऱ्या आवृत्तीचा असेल, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले सहा गिगाबाइटचे आरटीएक्स ३०५० अधिक सरस. त्याला ७० वॅट लागतात आणि ते आठ मार्गिका वापरते. इंटेलच्या आर्क कार्डांना पूर्ण क्षमतेसाठी 'रिसायझेबल बार' ही सुविधा लागते, आणि ती इतक्या जुन्या मदरबोर्डवर सहसा नसते. त्यामुळे येथे ती टाळावीत.

वापरलेले कार्ड घेताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा इंटरनेटवरील खरेदी-विक्रीत काय, वापरलेली कार्डे मुबलक दिसतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि त्याच्या 'खाणकामा'साठी रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे बाजारात आली. कार्ड चालू संगणकात किमान अर्धा तास गेम लावून पाहावे. पंख्याचा आवाज, तापमान आणि पडद्यावर उमटणारे चट्टे यांकडे लक्ष द्यावे. जुन्या कार्डाला नव्याचे नाव देऊन विकण्याचे प्रकारही घडतात. 'जीपीयू-झेड' हे मोफत सॉफ्टवेअर अशी अनेक बनावट कार्डे ओळखून दाखवते. २०१६ चे जीटीएक्स १०५० टीआय स्वस्तात मिळाले, तरी त्या पिढीसाठी नव्या खेळांना अनुकूल ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ पर्यंतच दिले, हे ध्यानात ठेवावे. त्यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील, असे कंपनीने जाहीर केले आहे.

बसवताना

कार्ड घेण्यापूर्वी कॅबिनेटमधील मोकळी जागा पट्टीने मोजावी. कार्यालयांतून निघालेल्या बारीक अंगाच्या संगणकांत कमी उंचीचेच कार्ड मावते. आपल्या मॉनिटरला केवळ जुनी निळी व्हीजीए जोडणी असेल, तर वर उल्लेखिलेली कार्डे थेट जोडता येत नाहीत, कनव्हर्टर घ्यावा लागतो. संगणकाची वायर काढून, धूळ झटकून, अंगातील स्थिर वीज धातूला स्पर्श करून घालवूनच कार्ड बसवावे. त्यानंतर मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता कार्डाला लावावी. ती जुन्याच जागी राहिली, तर नव्या कार्डाचा लाभ मिळत नाही.

अपेक्षा कोठवर ठेवाव्यात?

जीटीएक्स १६५० वर २०१५ चा 'ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह' फुल एचडीमध्ये उत्तम चालतो. परंतु डिसेंबर २०२४ चा 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' किंवा मे २०२५ चा 'डूम : द डार्क एजेस' यांना किरण-अनुरेखनाची, म्हणजे रे ट्रेसिंगची, यंत्रणा कार्डातच असावी लागते. ती जीटीएक्स १६५० मध्ये नाही. शिवाय चौथ्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा संगणकावरून बँकेचे व्यवहार करणे टाळावे.

मुलाला जे तीन-चार गेम खेळायचे आहेत, त्यांची नावे कागदावर लिहून त्यांच्या किमान गरजा तपासाव्यात. त्या साध्या कार्डात भागत असतील, तर जुना संगणक आणखी दोन-तीन वर्षे आनंदाने वापरता येईल. भागत नसतील, तर कार्ड, एसएमपीएस आणि मेमरी यांवर तुकड्या-तुकड्याने खर्च करण्यापेक्षा ती रक्कम नव्या संगणकासाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल.