हाडापुरती साक्ष

सकाळी ७. राउंड लवकर आटोपला. आज कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात माझी साक्ष, मोटार अपघात दाव्यात. पेशंट मार्केट यार्डातला हमाल. ट्रकच्या धडकेत गुडघ्याखालचं हाड पार सांध्यापर्यंत फुटलेलं. प्लेट मीच बसवली होती.

८.३०. केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड पुन्हा चाळलं. गुडघा ७० अंशांपलीकडं वाकत नाही. दाखल्यात पायाचं अपंगत्व ४० टक्के, सबंध शरीराच्या मानानं २०. निम्मा उलटतपास या दोन आकड्यांतच घुटमळतो. कारण उघड आहे. वय ३४, म्हणजे भरपाईच्या हिशोबाचा गुणक १६. महिना १५,००० मजुरी धरली, तर कमाईतल्या घटीचा एकेक टक्का २८,८०० रुपयांचा.

११. पुकारा नाही. डॉक्टरांना ताटकळत ठेवू नका, वेळ ठरवून बोलवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सांगून ठेवलंय. ते आठवायला बाकावर वेळ भरपूर.

१२.२०. शपथ, सरतपास. अर्जदाराचे वकील म्हणाले, "डॉक्टर, म्हणजे याची कमाई कायमची बंदच झाली ना?" विमा कंपनीचे वकील हरकतीला उठायच्या आत मीच म्हणालो, "उकिडवं बसता येणार नाही, ओझं घेऊन फळी चढता येणार नाही. कमाईचं काय, ते न्यायाधिकरण ठरवेल." रेघ त्याच निकालानं आखलेली. अपंगत्व किती, ते डॉक्टरनं सांगायचं. कमावण्याची ताकद किती गेली, ते न्यायाधीशांनी सगळा पुरावा पाहून ठरवायचं. मला हे पटतं. डावा हात गेला की सुताराचा धंदाच बसतो, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. दाखल्यावरचा टक्का मात्र दोघांचा एकच. त्या खटल्यातल्या चीज विक्रेत्याच्या पायाचं अपंगत्व ४५ टक्के होतं, कमाईतली घट न्यायालयानं २० टक्के धरली.

उलटतपास. "ट्रक भरधाव होता, हे खरं?" मी काय रस्त्यावर होतो? जोराच्या आघातानं हाड असं मोडू शकतं, एवढंच सांगितलं. "फिजिओथेरपी नीट केली असती, तर गुडघा आणखी वाकला असता?" हे माझ्या अखत्यारीतलं. थोडा वाकला असता, म्हणालो. अर्जदाराच्या वकिलांचा चेहरा पडला. पडू दे.

१.३०. बाहेर हमालानं गाठलं. "साहेब, माजं काम गेलं म्हून तुमी बोलला का न्हाई?"

"ते तुमचा मुकादम सांगेल. हजेरीची वही घेऊन त्याला साक्षीला आणा. वकिलांना आजच सांगा."

सायंकाळी ६. ओपीडीत एक एजंट. ऑपरेशन दुसरीकडं झालंय, फक्त दाखला हवा. उपचार न करणाऱ्यांच्या अशा तयार दाखल्यांबद्दलही त्या निकालानं न्यायाधिकरणांना सावध केलंय. म्हटलं, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडं जा, नाहीतर सीपीआर रुग्णालयाच्या मेडिकल बोर्डाकडं.

"तिथं लई वेळ जातो, सर."

पुढच्या पेशंटला आत बोलावलं.