त्रेचाळीस टक्के आणि मेळघाटातील एक दिवा



मागच्या महिन्यात अकोल्याला उपासनेनंतर चहा घेताना एका काकांनी मला थेट विचारले, "सरकारच आता सौर विजेची सक्ती करतंय म्हणे. मग मेळघाटातल्या दिव्यांसाठी आम्ही वर्गणी कशाला द्यायची?" काका दरवर्षी न चुकता मदत पाठवतात, त्यामुळे त्यांना उडते उत्तर देणे मला बरे वाटले नाही. त्या दिवशी जे नीट सांगता आले नाही ते येथे लिहितो.

सक्ती आहे हे खरे. तिला 'नवीकरणीय ऊर्जा खरेदी बंधन' म्हणतात. महावितरणसारखी कंपनी आपल्याला पुरवण्यासाठी जी वीज विकत घेते, तिचा ठरावीक हिस्सा सूर्य, वारा, पाणी, उसाचे चिपाड अशा स्रोतांतला असलाच पाहिजे, असा हा नियम आहे. २००३ च्या विद्युत कायद्याने हा हिस्सा ठरवण्याचे काम राज्याच्या नियामक आयोगावर सोपवले. आपल्या राज्यात २००६-०७ साली तो अवघा ३ टक्के होता. २०१९ च्या विनियमांत तो वाढवत नेऊन २०२४-२५ साठी २५ टक्के ठरला.

मग केंद्र सरकारने या आकड्यांचा फेरविचार केला. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२९-३० पर्यंतचा तक्ता काढला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ऊर्जा संवर्धन कायद्याखाली आणला, म्हणजे त्याच्यामागे दंडाची तरतूद आली. हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. त्यात पहिल्या वर्षासाठी २९.९१ टक्के आणि २०२९-३० साठी ४३.३३ टक्के असा हिस्सा धरला आहे. काकांनी पेपरात वाचला तो हाच आकडा. पारसच्या औष्णिक केंद्रातले २५० मेगावॅटचे दोन संच ज्यांनी रेल्वेतून जाताना पाहिले आहेत, त्यांना कोळशाकडून इतके वळणे केवढे मोठे काम आहे ते सांगायला नको.

पण हे बंधन युनिटांवर आहे, घरांवर नाही. शंभरातली त्रेचाळीस युनिटे कुठून आली एवढेच ते विचारते. ती कोणाच्या घरात पोहोचली हे विचारत नाही. शिवाय वीज प्रत्यक्ष न घेता प्रमाणपत्र विकत घेऊनही हिशेब पुरा करता येतो. एक प्रमाणपत्र म्हणजे एक हजार युनिटे. दूरच्या एखाद्या राज्यातल्या माळरानावर सौर प्रकल्प उभा राहिला आणि त्याची प्रमाणपत्रे इथल्या कंपनीने घेतली, तर कागदावर नियम पाळला गेला. यात लबाडी काही नाही, नियमच तसा आहे. मात्र त्याने धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यावर दिवा लागत नाही.

२०२३ च्या फेरविचारात आपल्या कामाची एक गोष्ट मात्र आली. तक्त्यात 'विकेंद्रित' ऊर्जेचा वेगळा रकाना पडला. हा हिस्सा १० मेगावॅटपेक्षा लहान प्रकल्पांतूनच, घराच्या छतावरच्या पॅनेलसकट, पुरा करायचा आहे. २०२४-२५ साठी दीड टक्का, २०२९-३० साठी साडेचार टक्के. अमरावतीत ज्यांनी सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान घेऊन तीन किलोवॅटचे पॅनेल बसवले, त्यांची युनिटे याच रकान्यात मोडतात.

काही जण विचारतात, मग तेच पॅनेल मेळघाटात का नाही बसवत? शहरातले हे पॅनेल सहसा बॅटरीशिवाय असते आणि तारेवरच्या विजेला जोडलेले असते. तारेवरची वीज गेली की तेही बंद पडते. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तशी रचनाच असते. ज्या गावात पावसाळ्यात झाड पडून दोन-दोन दिवस लाइन येत नाही, तिथे ते काय कामाचे? तिथे बॅटरी लागतेच.

आणि आमचे सगळे दुखणे बॅटरीचे आहे. धारणी तालुक्यातल्या एका वसतिगृहावर मंडळीच्या देणगीतून पॅनेल बसवले. पहिली दोन वर्षे मुले रात्री दहापर्यंत अभ्यास करत. तिसऱ्या पावसाळ्यात आठवडाभर आभाळ फाकले नाही आणि बॅटऱ्या बसल्या त्या बसल्याच. बसवणारा ठेकेदार फोन उचलेना. चूक आमचीही होती: बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे असते, हे आम्ही कोणाला शिकवलेच नव्हते. पॅनेल आजही छपरावर चकाकते आहे, खाली मुलांनी चिमणी पेटवली.

आता नियमातली एक ओळ पाहा. जिथे प्रत्यक्ष निर्मितीची मोजणी उपलब्ध नाही, तिथे एका किलोवॅटमागे दिवसाला साडेतीन युनिटे धरावीत, असे त्यात म्हटले आहे. मोजणीची सोय म्हणून ठीक. पण वसतिगृहासारखे एक किलोवॅटचे पॅनेल या पद्धतीने मोजले, तर वर्षाला जवळपास १,२७७ युनिटे जमा होतील, खाली अंधार असला तरी. पुढच्या फेरविचारात दुर्गम गावांतल्या सौर संचांची दुरुस्ती आणि चालू स्थिती हीही मोजली जावी, असे मला मनापासून वाटते.

सरकारी योजनांकडे पाठ फिरवा असे मी म्हणत नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत आदिवासी शेतकऱ्याला किमतीच्या ५ टक्केच भरावे लागतात. वनहक्काचा पट्टा आणि विहीर असलेल्या कोरकू कुटुंबांचे अर्ज भरून देणे हे आमच्या कार्यकर्त्यांचे आताचे मोठे काम आहे.

तर काका, यंदाच्या वर्गणीतून नवे पॅनेल एकही घेणार नाही. वसतिगृहाच्या बॅटऱ्या बदलायच्या आहेत, आणि दहावी झालेल्या दोन कोरकू मुलांना देखभालीचे शिक्षण द्यायचे आहे. मृग लागण्याआधी हे झाले पाहिजे.