विवेक पंडित : वेठबिगारमुक्तीपासून विधानसभेपर्यंत

वसई तालुक्यातील विवेक पंडित यांचे राजकारण निवडणुकीतून नव्हे, तर वेठबिगारीच्या, म्हणजे कर्ज फेडण्यासाठी सावकाराकडे सक्तीने राबण्याच्या, प्रथेविरुद्धच्या लढ्यातून घडले. १९७६च्या कायद्याने ही प्रथा रद्द झाली, तरी अंमलबजावणीसाठी संघटित रेटा लागला, आणि पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने आदिवासी मजुरांच्या बाजूने तो दिला. २००९मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. तीत गावे सामील करण्यास विरोध तापलेला असताना त्याच वर्षी पंडित अपक्ष आमदार झाले. या विरोधामागची, ग्रामपंचायत टिकवण्याची मागणी वरवर स्थानिक वाटते. प्रत्यक्षात जमीन, कर आणि बांधकाम परवानगी यांवरील निर्णयाधिकार कोणाकडे, हाच तिचा गाभा होता. २०१४च्या निवडणुकीत पंडित पराभूत झाले.