गेरूचं वय कसं मोजायचं?

1957 साली पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर रेल्वेने भोपाळकडे निघाले होते. खिडकीतून दिसलेल्या खडकांनी त्यांना खुणावलं आणि त्या ओढीनेच ते भीमबेटकाच्या शैलाश्रयांपर्यंत पोचले. तिथल्या सातशेहून अधिक शैलाश्रयांपैकी चारशेहून अधिक शैलाश्रयांत चित्रं आहेत. ती पाहणारा प्रत्येक जण विचारतो, ‘ही किती जुनी असतील हो?’

उत्तर सोपं नाही, कारण यातली बरीचशी चित्रं गेरूने काढलेली आहेत. कार्बन-14 पद्धत लागू पडते ती कोळसा, हाड, लाकूड अशा एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंना. गेरू हे लोहखनिज. मोजायला त्यात कार्बनच नाही.

म्हणून अभ्यासक आधी चित्रांचे थर पाहतात. एकाच भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या चित्रावर चित्र चढलेलं असतं. खालचं आधीचं, वरचं नंतरचं. शिकारीच्या जुन्या चित्रांवर शस्त्रधारी घोडेस्वार दिसले, की ते ऐतिहासिक काळातले हे ओळखता येतं. पण यातून क्रम कळतो, नेमकी वर्षं कळत नाहीत.

वर्षांचा हिशेब कधी कधी चित्राच्या अंगावरच सापडतो. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर चुनखडीच्या गुहा आहेत. पाणी तापवण्याच्या भांड्याला क्षार धरावेत, तसा तिथल्या झिरपत्या पाण्याने चित्रांवर कॅल्साइटचा पापुद्रा धरतो. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे नव्या पापुद्र्यात युरेनियम असतं, थोरियम नसल्यातच जमा. पुढे युरेनियमच्या ऱ्हासातून थोरियम ठरावीक गतीने साचत जातं. दोघांचं प्रमाण मोजलं, की पापुद्र्याचं वय निघतं. त्याखालचं चित्र अर्थातच त्याहून जुनं. तिथल्या एका रानडुकराचं चित्र अशा मोजणीतून किमान 45,500 वर्षांचं ठरलं.

ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात असाच पुरावा कुंभारीण माशीने जपला. चित्राखालच्या आणि चित्रावरच्या तिच्या मातीच्या घरट्यांत कोळशाचे कण होते. त्यांच्या कार्बन-14 मोजणीवरून एका कांगारूच्या चित्राचं वय सुमारे 17,300 वर्षं निघालं.

भिंतीवरचा पांढरट पापुद्रा आणि वाळलेलं घरटं हे या चित्रांचे जन्मदाखले आहेत. शैलाश्रय पाहायला गेलात, तर फोटोत रंग खुलावा म्हणून भिंतीवर पाणी मारू नका, फडका फिरवू नका, बोटही लावू नका. एकदा पुसलेला दाखला पुन्हा मिळत नाही.