गवत नाकारणाऱ्या सशाची फिर्याद

मुंबईच्या रस्त्यांवर १८७४ साली घोड्यांच्या ट्रामी धावू लागल्या, त्या काळापासून आजतागायत त्या नगरीच्या तबेल्यांना ठाण्याकडील गवताचा आधार राहिला आहे. आणि पावसाळा सरून भिवंडी-वाड्याकडील माळांवर विळे चालू लागले, की भारे, गंजी आणि वखारी यांचा एक जुना, काहीसा दुर्लक्षित व्यवहार येथे दरसाल नव्याने सुरू होतो. अशा या भिवंडी तालुक्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या एखाद्या घरातला पाळीव ससा समोर ठेवलेल्या गवताकडे ढुंकूनही न पाहता बिस्किटासाठी मागच्या पायांवर उभा राहतो, तेव्हा घरची मंडळी कौतुकाने आणि वैतागाने म्हणतात, "नखरे तरी बघा याचे!" माझे म्हणणे असे, की या प्रकरणात फिर्यादीची बाजू कोणी ऐकूनच घेतलेली नसते.

पाळीव ससा हा आपल्या रानातल्या सशाचा दूरचा आप्त होय. पंचतंत्रात सिंहाला विहिरीचा रस्ता दाखविणारा रानससा निराळ्या जातीचा असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याला घरी बाळगण्यास मनाई आहे. आपल्या पिंजऱ्यात नांदतो तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडील, बिळे करून राहणारा आणि रुक्ष, तुटपुंज्या गवतावर गुजराण करणारा प्राणी. त्याच्या देहाची सारी व्यवस्था या गवताच्याच हिशेबाने लागलेली आहे. तोंडात २८ दात, आणि ते सर्व, पटाशीचे तसेच दाढाही, जन्मभर वाढत राहणारे. गवताच्या पात्यांत सिलिकेचे सूक्ष्म कण असतात, आणि अशी पाती जबडा आडवा फिरवून तासन् तास रगडली, की दाढांची वाढ आणि झीज यांचा जमाखर्च आपोआप जुळतो. बिस्किट वा गाजर चार घावांत संपते. मग न झिजलेल्या दाढांना अणकुचीदार टोके फुटून ती जिभेत आणि गालात रुततात.

त्याहून विलक्षण कारभार पोटात चालतो. पचत आलेले अन्न मोठ्या आतड्याच्या आरंभी पोहोचले, की तेथे त्याची छाननी होते: जाड धागे पुढे ढकलले जाऊन कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात, आणि बारीक कण द्रवासह उलट दिशेने अंधनालात, म्हणजे जठराच्या सुमारे दहापट मोठ्या अशा एका आंधळ्या पिशवीत, परतविले जातात. तेथे असंख्य सूक्ष्मजीव त्यांना आंबवितात, आणि त्यातून तयार झालेल्या, द्राक्षांच्या घोसाप्रमाणे परस्परांना चिकटलेल्या मऊ, बुळबुळीत गोळ्या ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन गिळून टाकतो. मोरो नामक फ्रेंच पशुवैद्याने १८८२ साली या क्रियेचे वर्णन केले. वाचकाला किळस येणे स्वाभाविक आहे. परंतु प्रथिनांचा आणि ब जीवनसत्त्वांचा मोठा वाटा सशाला याच मार्गाने मिळतो. या सर्व यंत्रणेला गती देतो तो न पचणारा जाड धागा. तो कमी पडला, की आतड्याची हालचाल मंदावते, वायू साचतो, आणि सशाला ओकारी काढता येत नसल्यामुळे ओकून मोकळे होण्याची वाटही त्याला उपलब्ध नसते.

इतके असूनही तो गवत का नाकारतो? याचे एक उत्तर त्याच्या बालपणात आहे. सशीण पिलांना पाजण्यासाठी दिवसाकाठी बहुधा एकदाच, तेही तीन-चार मिनिटांपुरती, घरट्यात येते आणि जाताना आपल्या काही लेंड्या तेथे सोडून जाते. पिले त्या कुरतडतात. हंगेरीतील बिल्को आणि आल्टबेकर यांनी रॉबिन हडसन यांच्यासमवेत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की मातेने गाभणकाळात किंवा पाजण्याच्या काळात जुनिपरची झुडपे खाल्ली असतील, तर तिची पिले पुढे त्याच उग्र वासाच्या पाल्याला प्राधान्य देतात. काय खाण्याजोगे आहे याची सनद पिलाला गर्भातून, दुधातून आणि त्या लेंड्यांतून मिळते. आता कोबीची पाने आणि गोळीखाद्य यांवर पोसलेल्या मातेपासून वेळेआधीच तोडून बाजारात आणलेले पिलू गवताला अन्न म्हणून कसे ओळखणार? त्याच्या लेखी ते अंथरूण असते.

दुसरे उत्तर गवतातच आहे, आणि भिवंडीकरांनी ते विशेष लक्षात घ्यावे. गवत फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास कापावे, तेव्हा ते सकस असते. परंतु आपल्याकडे ती वेळ ऐन पावसाळ्यात येते, आणि वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या मुलुखात तेव्हा कापलेले गवत वाळवायचे कोठे? म्हणून कापणी पुढे ढकलली जाते. तोवर बी गळून गेलेले असते, काड्या ताठ आणि पिवळ्या पडलेल्या असतात. म्हशीचे त्यावर भागते, सशाचे भागत नाही. त्यात कुसळी गवत मिसळलेले असले, तर त्याची पीळदार, टोकदार कुसळे ओठात आणि डोळ्यात घुसतात. भाताचा पेंढा हे तर गवत नव्हेच. दाणा पिकल्यावर उरलेली ती काडी बिछान्यास उत्तम, आहार म्हणून निकृष्ट. शिवाय जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत साठविलेल्या गवतावर बुरशी चढते, आणि आपल्याला तिचा वास येण्यापूर्वीच सशाच्या नाकाने निकाल दिलेला असतो. तो निकाल बहुधा बरोबर असतो.

तेव्हा उपाय गवतापासून सुरू करावा. हिरवट, मऊ, गोडसर वासाचे मारवेल निवडून घ्यावे. किंवा कीटकनाशक न फवारलेली हरळी आणून, निवडून, ती सावलीत पातळ पसरून वाळवावी, म्हणजे रंग आणि गंध दोन्ही टिकतात. गणपतीच्या दिवसांत दूर्वांच्या जुड्यांसाठी धावपळ करणाऱ्या आपल्या समाजाला हे काम अवघड वाटू नये. परदेशी टिमथी गवताची पाकिटे आता घरपोच मिळतात. तेही उत्तमच, पण महाग. लसूणघास मात्र वाढत्या पिलापुरता राखून ठेवावा, कारण सशाचे शरीर आहारातील चुना जवळजवळ बेहिशेब शोषून घेते आणि जादा चुना मूत्रावाटे बाहेर टाकते; प्रौढ सशाचे मूत्र दाट आणि पांढुरके होऊ लागले, तर अशा चाऱ्याचा संशय घ्यावा.

मग जागा आणि वेळ. ससा खाताना लेंड्या टाकतो, हा त्याचा शिरस्ताच आहे. म्हणून त्याच्या शौचपात्राच्या कडेला, तोंड सहज पोहोचेल अशा उंचीवर गवत ठेवावे. तो पहाटे आणि तिन्हीसांजेला जागा व भुकेला असतो. भर दुपारी, पत्र्याखालच्या उकाड्यात, टाकलेले गवत संध्याकाळपर्यंत शिळे होते. नाकासमोरची वस्तू त्याला दिसत नाही, ओठ आणि मिशा यांनी तो ती चाचपतो. म्हणून गवतात वाळलेल्या कोथिंबिरीची दोन-चार पाने दडवावी, की ती शोधताना पाती आपसूक दातांखाली येतात. गोळीखाद्य बंद करू नये. आठवड्या-आठवड्याने उतरवीत किलोभर वजनामागे दिवसाला २५ ग्रॅमच्या आत आणावे. बिस्किट आणि पोळी मात्र आजच बंद करावी. ससा हट्टाला पेटला म्हणून त्याला उपाशी ठेवून वठणीवर आणण्याचा विचार मनातही आणू नये, कारण उपासाने त्याचे आतडे आणि यकृत दोन्ही बिघडतात.

आणि एक विनंती. कालपर्यंत आवडीने गवत खाणारा ससा आज अकस्मात ते सोडून देत असेल, गवताकडे जाऊन, ते तोंडात धरून पुन्हा टाकीत असेल, किंवा त्याची हनुवटी लाळेने ओली दिसत असेल, तर तो नखरा समजू नका. दाढ दुखत असण्याचा संभव फार मोठा आहे. आणि बारा तास त्याने काही खाल्ले नाही व लेंडीही टाकली नाही, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी, सशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे त्याला घेऊन जा.